आधी घोडी, मग माझे कातडे

मी एक जुना डफ आहे. हो, कातड्याचाच. मित्रांनो, नाक मुरडायचे असेल तर आत्ताच मुरडून घ्या, पुढे मी कोणाचे काही ऐकून घेणार नाही.

एका सुताराने माझे लाकडी कडे वाकवले आणि त्यावर एका शेळीचे कातडे मढवले गेले. तिला कोणी विचारले नव्हते. माझ्यावर थाप पडली की आवाज माझा निघतो, पण मार बसतो तो तिच्या अंगाला. हा राग माझ्यात जन्मापासून आहे.

बँडमधल्या एका वादकाने मला विकत घेतले. त्याचा हात असा पडायचा की काठी टेकत आलेली म्हातारी माणसेही ठेका धरू लागत. दमट हवेत मी सैल पडलो की तो मला शेगडीवर शेकून ताठ करायचा. लोकांनी त्याची वाहवा केली, माझीही केली. शेळीची आठवण कोणाला झाली नाही. पुढे बँडमध्ये विजेवरची वाद्ये आली, वादक म्हातारा होऊन वारला आणि मी स्वयंपाकघरात खिळ्याला लटकलो. खाली कांद्याची टोपली आणि वर कोळिष्टके, असा माझा संसार.

त्या घरात आता वादकाची सून राहते. गल्लीत सगळे तिला वहिनी म्हणतात. ती लाँड्रीत चादरींना इस्त्री करते. स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर लोखंडी सळ्यांची वखार आहे आणि तिथल्या गाडीला एक तपकिरी घोडी जुंपलेली असायची. पुढचा पाय सुजलेला, पट्टा घासून खांद्याला जखम, आणि मागे सळ्यांचा ढीग. आज ना उद्या ती कोसळणार, हे मला खिळ्यावरूनही दिसत होते. वहिनीने एकदा गाडीवानाला हटकले.

"वहिनी, मला काय डोळे नाहीत?" तो म्हणाला. "घोडी थांबली की मालक मलाच हाकलेल. घरात खाणारी तोंडं आहेत."

मग तिला भिंतीवर एक कागद दिसला. मुक्या जिवांसाठी एकत्र या, नव्या लोकांचे स्वागत आहे, आवाज करणारे काहीही आणा. वहिनीने मला खाली काढले, पुसले आणि काखेत मारून सभेला नेले. किती वर्षांनी मी रस्ता पाहिला! आता त्या घोडीचे काहीतरी होईल, असे आम्हा दोघांनाही वाटले.

सभा तिसऱ्या मजल्यावर होती. इस्त्री करून सुजलेल्या पायांनी वहिनी धापा टाकत वर आली. बसा म्हणायच्या आधी एका दाढीवाल्या तरुणाने विचारले, "चप्पल कसली आहे तुमची?"

"रबराची. मी एका घोडीबद्दल सांगायला—"

"घोडीचं नंतर. जेवणात काय काय असतं?" तेवढ्यात त्याची नजर माझ्यावर पडली. "हे कातडं आहे?"

"शेळीचं. सासऱ्यांचा डफ आहे. तुम्हीच लिहिलं होतं ना, आवाज करणारं काहीतरी आणा म्हणून?"

"म्हणजे एक मेलेलं जनावर घेऊन आलात तुम्ही इथे!"

मला बाहेर, चपलांच्या मांडणीवर ठेवण्यात आले. आत माझ्या कातड्यावर चर्चा झडली. अशा लोकांना घ्यावे का, आधी काही दिवस शिकवावे का, डफ पुरावा की जाळावा! संताप संताप झाला माझा. अरे, जिचे कातडे, ती कधीच गेली! जी जिवंत आहे ती खाली सळ्या ओढते आहे, आणि तिच्यासाठी आलेल्या एकुलत्या एका बाईला तुम्ही उभे करून तिची उलटतपासणी घेता? नव्या माणसाला हाकलायचेच होते, तर स्वागताचा कागद कशाला चिकटवलात?

वहिनी तडक बाहेर आली. तिने मला मांडणीवरून उचलले आणि ती जिन्याकडे वळली. तेवढ्यात आतून एका बाईंचा, गणित शिकवून निवृत्त झालेल्या शिक्षिकेचा, आवाज चढला. "मी पहिल्यांदा आले तेव्हा माझ्या हातात चामड्याची पर्स होती. तुम्ही मला खुर्ची दिलीत, चहा दिलात. का? तर मी मोटारीतून उतरले होते!"

एवढे बोलून त्या उठल्या. बाई जिना उतरून वहिनीला गाठत म्हणाल्या, "तुमची घोडी दाखवा मला."

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघी वखारीच्या फाटकात उभ्या राहिल्या. वहिनीने गल्लीला आधीच बजावले होते, गाडीवानाला कोणी शिवी द्यायची नाही. मग तिने मला जे बडवले! लाँड्रीतल्या बायका आल्या, शेजारपाजारचे आले. वखारीचा मालक धावत आला.

"काय तमाशा लावलाय?"

"घोडी सोडा. सळ्यांना टेम्पो बोलवा," वहिनी म्हणाली.

"भाडं कोण देणार?"

"तुम्ही. आजवर ते घोडीच्या पायातून वसूल केलंत."

बाई पुढे झाल्या. "आणि गाडीवानाला त्याच टेम्पोवर काम द्यायचं. तसं सगळ्यांसमोर बोला, मगच आम्ही हलू."

गिऱ्हाईक खोळंबले होते. मालकाने दात ओठ खात मान डोलावली. गाडीवानाने स्वतःच्या हाताने पट्टे सोडले आणि घोडीच्या मानेवर डोके टेकून तो हमसून हमसून रडला. दाढीवालाही गर्दीत मागे येऊन उभा होता. वहिनीने त्याला पाहिले आणि पाण्याची बादली त्याच्या हातात दिली. "उभा काय राहिलास? तिला पाणी पाज." बाईंनी जनावरांच्या डॉक्टरांना बोलावले होतेच.

त्या धुमश्चक्रीत मी मात्र मधोमध फाटलो.

मित्रांनो, तुमच्या दारात कोणी नवखे आले, तर त्याची परीक्षा घेऊ नका. त्याला आधी बसायला सांगा आणि तो कोणासाठी आला ते विचारा. बाकीचे त्याचे त्याला उमगते. खोटे वाटते? मग ऐका. संध्याकाळी वहिनी मला डफ मढवणाऱ्याकडे घेऊन गेली. त्याने मला उलटसुलट पाहिले आणि एक कोवळे, पांढरे कातडे तिच्यापुढे पसरले.

"उद्या देतो. नव्यासारखा वाजेल."

तिथे तिला हटकणारे कोणी नव्हते. वहिनीने त्या कातड्यावरून हळूच हात फिरवला.

"नको," ती म्हणाली. "फाटकाच राहू दे."