आखूड केलेली माणसं

रेघोट्या मारून पगार घेणाऱ्या माणसांबद्दलचं आपलं मत मिस्त्रींनी कधी लपवून ठेवलं नव्हतं. चिलखती गाड्या बनवणाऱ्या त्या कारखान्यात वरच्या मजल्यावर चाळीस जण बसून कागदावर गाड्या काढायचे, आणि खाली पत्र्याच्या शेडमध्ये मिस्त्री दोन गड्यांना हाताशी घेऊन त्याच गाड्या लाकडात उभ्या करायचे. पोलादाला हात लावण्याआधी गाडी पुरत्या मापाची लाकडात करून बघायची, अशी तिथली रीत. चूक व्हायचीच असेल तर ती फळीत व्हावी. एकतीस वर्षं वरच्यांच्या चुका फळीत निस्तरता निस्तरता मिस्त्रींच्या जिभेला पटाशीची धार आली होती. वरच्यांना दार कुठल्या बाजूला उघडतं हे ते तोंडावर आपटल्याशिवाय कळत नाही, असं ते जेवणाच्या सुट्टीत सांगायचे. गडी हसायचे, कारण तसं दोनदा घडलेलं होतं.

नवी गाडी पोलादसाहेबांची होती. हे नाव शेडमधलं. वर त्यांना मुख्य रचनाकार म्हणत. पायदळाच्या आठ सैनिकांना पोटात घेऊन थेट लढाईच्या तोंडाशी नेऊन सोडायचं, हे त्या गाडीचं काम. साहेबांकडे कुठल्याही अडचणीवर एकच औषध होतं: चिलखत जाड करा. खाली सुरुंग फुटला तर? तळ जाड करा. बाजूने गोळा आला तर? बाजू जाड करा. गाडी जड झाली म्हणून इंजिन मोठं घेतलं, इंजिन मोठं झालं म्हणून ते झाकायला आणखी पोलाद लागलं. नाकापेक्षा मोती जड हे आपण ऐकून होतो, मिस्त्री म्हणाले, इथे तर नाक कुठे गेलं तेच शोधावं लागेल.

आणि नाक खरंच हरवलं होतं. गाडी रेल्वेच्या वाघिणीवर चढून बोगद्यातून पार व्हायला हवी, त्यामुळे बाहेरची रुंदी ठरलेली. ती बोटभरही वाढवता येत नव्हती. मग जाडी वाढायची ती आतल्या बाजूला. दर महिन्याला वरून नवा नकाशा यायचा आणि मिस्त्री आतल्या फळ्या उखडून दोन बोटं आत सरकवून पुन्हा ठोकायचे. एप्रिलपासून ऑगस्टपर्यंत दोन्ही भिंती मिळून तीस सेंटिमीटर आत आल्या. तरी नकाशात आठ माणसं कशी ऐसपैस बसलेली. समोरासमोर चार-चार, गुडघ्यांमध्ये छान अंतर, जणू फोटो काढायला बसलेत.

मिस्त्रींना हे खटकलं. त्यांनी एप्रिलचा नकाशा काढला, ऑगस्टचा शेजारी पसरला आणि दाराशी उभ्या दाखवलेल्या सैनिकावर पट्टी ठेवली. नकाशा एकास दहाच्या प्रमाणात होता. एप्रिलमध्ये तो माणूस साडेसतरा सेंटिमीटर होता. ऑगस्टमध्ये तोच माणूस, तेच शिरस्त्राण, तीच बंदूक, साडेपंधरा सेंटिमीटर.

त्यांनी पुन्हा मोजलं. मग बसलेले आठही मोजले. सगळे आखूड झाले होते. गाडीत माणूस मावेना, म्हणून माणूस कापला होता.

नकाशाच्या कोपऱ्यात सही होती चष्मेवालीची. ही तिशीची इंजिनीयर बाई आतल्या बैठकीची रचना बघायची आणि दर महिन्याला स्वतः नकाशा घेऊन खाली यायची. मिस्त्री तिला बसायला स्टूलही देत नसत. त्या दिवशी ती आली तेव्हा त्यांनी दोन्ही नकाशे तिच्यापुढे सरकवले आणि पट्टी वर ठेवली.

तिने पट्टीला हात लावला नाही. "मला माहीत आहे," ती म्हणाली.

"माहीत असून सही केलीत?"

ती म्हणाली, साहेबांनी करायला लावली. सैन्यात बुटकी माणसंही असतात, असं त्यांचं म्हणणं. मिस्त्रींनी तिच्याकडे अशा नजरेने पाहिलं की ती नकाशा तिथेच ठेवून निघून गेली. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, असं ते गड्यांना म्हणाले, आणि ते तिलाही ऐकू जावं इतपत मोठ्याने.

घरी त्यांच्या तुच्छतेला आणखी एक गिऱ्हाईक होतं, ते म्हणजे जावई. हा पायदळात हवालदार होता. सहा फूट उंच, खांदे दाराच्या चौकटीला घासतील असे. सुट्टीवर आला की कॉटवर आडवा पडून मोठमोठ्या गप्पा हाणायचा. मिस्त्रींच्या मते लेकीने माणूस निवडला नव्हता, कपाट निवडलं होतं. पण त्या रविवारी त्यांना या कपाटाचाच उपयोग होता. अंगणात त्यांनी जुन्या फळ्यांची समोरासमोर चार आसनं ठोकली, नकाशातल्या मापाने, आणि पुढे एक चौकट उभी केली, ऑगस्टच्या दाराएवढी. कशासाठी ते सांगितलं नाही. जावयाला म्हणाले, पूर्ण सामान अंगावर चढवा आणि इथे बसा.

जावई आधी हसला. मग छातीवरचं चिलखत, पाण्याची बाटली, गोळ्यांचे खिसे, पाठीवरची पिशवी असं सगळं चढवून बसायला गेला, तर आसनावर एकच मांडी मावली. मिस्त्रींनी शेजारच्या आसनावर लेकीला बसवलं, समोर आपल्या बायकोला आणि धाकट्या भावाला. गुडघे गुडघ्यांत अडकले. बायको म्हणाली, "अहो, मला आता उठवा, नाहीतर मी इथेच म्हातारी होईन." लेक हसता हसता खाली घसरली.

जावई मात्र हसायचा थांबला होता. त्याने चौकटीतून बाहेर पडून पाहिलं. पिशवी अडकली. तिरका होऊन निघाला. पुन्हा आत गेला, पुन्हा निघाला, चार वेळा. मग विचारलं, दाराला मोटर आहे का. मिस्त्री म्हणाले, आहे. आणि वीज गेली तर? मग हाताने चाक फिरवायचं, एकवीस फेरे.

"मामा, हे आमच्यासाठी चाललंय का?"

मिस्त्री चौकटीचा खिळा चाचपू लागले. सांगायची मनाई होती.

जावई पिशवीचे पट्टे सोडवत राहिला. "गाडीला आग लागली तर पहिला बाहेर येईल. दुसरा कदाचित. बाकीच्यांच्या घरी चिठ्ठी पाठवावी लागेल." एवढं बोलून तो आत गेला आणि त्या दिवशी त्याने गप्पा हाणल्या नाहीत. नऊ वर्षांत या माणसाला आपण कामाचं काही विचारलंच नव्हतं, असं मिस्त्रींच्या मनात आलं, पण हा विचार त्यांना आवडला नाही, म्हणून त्यांनी तो झटकला.

सोमवारी ते जिना चढून थेट पोलादसाहेबांच्या खोलीत गेले. साहेबांच्या टेबलावर गाडीची पितळी प्रतिकृती होती, वीतभर, चकचकीत. मिस्त्रींनी माणसांची मापं सांगितली, दाराचं सांगितलं. अंगणातलं तेवढं गाळलं. साहेब शांतपणे ऐकत होते. मग त्यांनी विचारलं की मिस्त्रींचं शिक्षण किती झालं. मिस्त्रींनी सांगितलं, आठवी.

"मग असं करा," साहेब म्हणाले, "लाकडाचं तुम्ही बघा. माणसाचं आम्ही बघतो."

मिस्त्री खाली आले आणि गड्यांना हा किस्सा तिखटमीठ लावून सांगितला. साहेबांच्या चालीची नक्कल केली, मानेला झटका देण्याची केली. उंटावरून शेळ्या हाकणारा आणि वर उंटही पितळेचा, असं म्हणाले. वर म्हणाले, येऊ दे पाहणीचा दिवस, मोठे अधिकारी येतील, त्यांच्यासमोर दाखवतो एकेकाला. पोटभर हसणं झालं. मिस्त्रींना बरं वाटलं.

पाहणी पंधरा दिवसांनी होती. आदल्या आठवड्यात लाकडी गाडीला हिरवा रंग लावायचा हुकूम आला, मग लोखंडासारखी झाक यावी म्हणून वरून आणखी एक हात. त्या सकाळी आठ सैनिक आले ते पाहून मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. सैन्याच्या वाद्यपथकातले होते. बुटके, सडपातळ, एक तर बासरी वाजवणारा, त्याचा गळा बोटभर. पाठीवरच्या पिशव्या फुगलेल्या होत्या, पण चालताना हलत नव्हत्या. आत थर्माकोल होतं. आठही जण टुणकन आत गेले आणि टुणकन बाहेर आले. चष्मेवाली भिंतीशी वही धरून उभी होती. पोलादसाहेबांनी घड्याळात बघून सेकंद मोठ्याने सांगितले.

पाहणीला आलेले मोठे अधिकारी आत शिरले नाहीत. त्यांनी गाडीला एक फेरी मारली, थांबून बाजूच्या पत्र्यावर, म्हणजे रंगवलेल्या प्लायवूडवर, मुठीने दोनदा ठोकलं आणि म्हणाले, "भक्कम आहे."

मिस्त्री चार पावलांवर होते. एकतीस वर्षांत इतका मोठा मूर्खपणा त्यांनी इतक्या जवळून पाहिला नव्हता. बोलायची वेळ हीच होती. वाक्यही तयार होतं, पंधरा दिवस घोटून घोटून गुळगुळीत केलेलं. अधिकाऱ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि विचारलं, "हे तुम्ही बनवलं?"

"हो साहेब," मिस्त्री म्हणाले.

"छान काम आहे. काही सांगायचंय?"

पोलादसाहेब बघत होते. गडी बघत होते. मिस्त्रींनी टोपी काढून हातात घेतली, ती का काढली हे त्यांना नंतरही सांगता आलं नाही. "नाही साहेब," ते म्हणाले. "सगळं नकाशाप्रमाणे आहे."

अधिकारी वळले. तेवढ्यात भिंतीकडून आवाज आला. चष्मेवालीने वही बंद केली होती.

"नकाशातला माणूस खरा नाही, सर. एक मीटर पंचावन्नचा आहे. तो मी लहान केला. सही माझी आहे."

ती पुढे आली, आणि हळू, जरा अडखळत, तिने सगळं सांगितलं: भिंती किती आत आल्या, दार किती अरुंद झालं, आज आलेली माणसं कोण होती आणि त्यांच्या पिशव्यांत काय होतं. बासरीवाल्याने मान खाली घातली. पोलादसाहेबांनी हसून काहीतरी म्हटलं, तरुण मुलं, दडपण वगैरे. अधिकारी हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत. बघू, असं म्हणून ते जेवायला गेले.

आणि खरंच बघितलं गेलं. महिन्याभराने वरून निकाल आला. गाडी आठांऐवजी सहांची करावी, दार आहे तेवढंच राहावं, चिलखत कमी करू नये. दोन माणसं कागदावरून पुसली, की उरलेल्यांना जागाच जागा. या सुधारणेबद्दल पोलादसाहेबांचा सत्कार झाला. चष्मेवालीची बदली तळघरात झाली, सुट्या भागांच्या याद्या तपासायला. खोट्या नकाशावर सही केल्याबद्दल ताकीदही मिळाली, ती एकटीलाच. साहेबांच्या हुकुमाचा कागद कुठेच नव्हता.

मिस्त्रींनी दोन आसनं उखडली. गड्यांपैकी एकाने सवयीने वरच्यांवर काहीतरी विनोद केला. मिस्त्रींनी त्याला करवत आणायला पाठवलं.

तळघरात जायला त्यांना तीन आठवडे लागले. चष्मेवाली लोखंडी कपाटांच्या मधल्या बोळकांडीत टेबल टाकून बसली होती, वर एकच नळीचा दिवा. मिस्त्री तिथे उभे राहिले आणि काय बोलायला आलो होतो तेच विसरले. शेवटी म्हणाले, पाहणीच्या दिवशी बोलायचं त्यांच्याही मनात होतं.

"मला वाटलं होतं तुम्ही बोलाल," ती म्हणाली. "शेडमधून तुमचा आवाज वरपर्यंत यायचा. मी तुमच्याच भरवशावर होते."

तिने हे रागाने म्हटलं नाही, आणि म्हणूनच ते झेलता आलं नाही. मिस्त्री म्हणाले, "बाई, मी तोंडाचा शूर निघालो."

ती यादीतल्या एका ओळीवर खूण करत राहिली. मग तिने विचारलं, पायदळातलं कोणी ओळखीचं आहे का. पूर्ण सामानासकट माणूस किती जागा घेतो, याचं खरं माप कारखान्यात कोणाकडेच नव्हतं. होतं ते बावीस वर्षांपूर्वीच्या कपड्यांचं. तिला ते घ्यायचं होतं. कोणी सांगितलं नव्हतं. मागितलं नव्हतं. कुठे पाठवायचं तेही ठरलेलं नव्हतं.

मिस्त्रींच्या ओठावर आलं होतं, की वाचणार कोण, वर अक्षरशत्रू बसलेत. ते त्यांनी गिळलं. म्हणाले, जावई आहे, हवालदार आहे. आणि जरा थांबून: हुशार आहे.

पुढच्या रविवारी जावयाने आपल्या पलटणीतले पाच जण मिस्त्रींच्या अंगणात आणले. सगळे वेगवेगळ्या अंगाचे. चष्मेवालीने एकेकाला बसवलं, वाकवलं, तिरकं चालवलं, आणि वहीत लिहून घेतलं. मिस्त्री टेपचं दुसरं टोक धरून उभे होते. जावई मधूनमधून तिला सांगत होता, की उडी मारताना कोपर कुठे जातं, जखमी माणसाला ओढायचं तर दोघं कसे वळतात. मिस्त्रींना यातलं निम्मं ठाऊक नव्हतं. दुपारपर्यंत त्यांचा हात भरून आला, पण टेप त्यांनी सोडला नाही.

ते कागद तिने वर पाठवले. पोच मिळाली, उत्तर आलं नाही. पोलादसाहेबांबद्दलचं मिस्त्रींचं मत तसूभर बदललं नाही, उलट आणखी पक्कं झालं. फक्त जेवणाच्या सुट्टीत ते आता कोणाची नक्कल करत नाहीत. गड्यांनी आग्रह केला तर म्हणतात, वर जाऊन करतो तेव्हा बघायला या. अजून ते गेलेले नाहीत.