आतड्याची साल

हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती. टेबलावरच्या बरण्यांत तपकिरी, बुळबुळीत दोऱ्या तरंगत होत्या आणि पोटाचे रोग बरे करतो म्हणवणारे बाबा एकेक बरणी उचलून सांगत होते, "ही आतड्याची सडकी साल. माझी पानांची पूड घ्या, जुनी साल गळते, नवी येते. गोळ्या खाल तर फसाल." लोक तोंडात बोटं घालून बघत होते. बघतील नाही तर काय, पूड घेणाऱ्या प्रत्येकाला शौचातून तशीच दोरी पडत होती.

पहिल्या रांगेत एका भक्त घरातली धाकटी सून पोट दाबून बसली होती. 'अल्सर गेला' म्हणून पोस्टरवर फोटो तिचाच. गेला कुठला? पोटात आग होती, शौचाला डांबरासारखं काळं होत होतं. डॉक्टरांच्या गोळ्या मोठ्या दिरांनी कचऱ्यात टाकल्या. बाबांची पूड विकणारे तेच. नवरा म्हणाला, "दादापुढे मी काय बोलू?" दीर म्हणाले, "तुझी श्रद्धाच कमी पडते. दवाखान्यात दिसलीस तर आमची शोभा होईल." घरात तिचा जीव घुसमटत होता.

पूड पोटात ठरेना, म्हणून ती सासूबाईंची नजर चुकवून पूड कालवलेला पेला सिंकमध्ये ओतायची. काल सिंक तुंबलं. प्लंबरने पाइप उघडून हातभर दोरी बाहेर ओढली, तपकिरी, बुळबुळीत. धाकटी बघतच राहिली. मग तिने ती बरणीत भरली.

आता तीच बरणी तिने बाबांसमोर ठेवली. "ही कुणाची, सांगाल?"

बाबांनी ती उजेडात धरली. "फार तापट माणूस. वीस वर्षांची घाण साठली होती. पण सुटला बिचारा."

"आमच्या सिंकच्या पाइपातली आहे," ती म्हणाली. "त्याला आतडं नाही."

मागे कुणीतरी फसकन हसलं. दीर दातओठ खात म्हणाले, "घराची अब्रू घालवलीस."

"ती तुम्ही सांभाळा. मला दवाखान्यात जायचंय. मला मरायची भीती वाटतेय."

नवरा उठला. या वेळी दादाकडे न बघता.

दवाखान्यात कळलं, अल्सरच्या जखमेतून रक्त झिरपत होतं. ते थांबवल्यावर डॉक्टरांनी पूड पाण्यात कालवून दाखवली. "इसबगोल आणि चिकणमाती. भिजली की फुगते, नळीत तिची दोरी वळते. नळी पोटातली असो की सिंकची."

"मग झाडपाल्यात काहीच नाही?" नवऱ्याने विचारलं.

"असेल ना. काही वनस्पतींतली द्रव्यं आतड्याच्या अस्तराला जपत असावीत, अभ्यास चालू आहे. पण ते तपासून ठरतं, बरण्या मांडून नाही. आणि वाहती जखम त्याच्यावर सोडायची नसते."

तेव्हा मंडळी, पूड कुणाचीही असो, प्रश्न विचारा. आणि घरातलं माणूस पोट धरून बसलं, तर त्याची श्रद्धा मोजत बसू नका. त्याला डॉक्टरकडे न्या.