नत्थुजींनी पाहिलेला मुलगा

अमरावतीच्या गोऱ्या डॉक्टरनं नत्थुजींचा मोतीबिंदू काढला. महिन्यानं पुन्हा बोलावून दिव्याजवळ बसवलं आणि मधोमध भोक असलेल्या आरशातून त्यांच्या डोळ्याच्या आत डोकावून पाहिलं. "आतला पडदा चांगला आहे. जाड भिंगाचा चष्मा लावला की स्वच्छ दिसेल," असं त्यानं दुभाष्याकरवी सांगितलं. नत्थुजी खूश झाले. त्यांच्या बायकोला, पार्बताबाईंना, मात्र यातलं काही पटलं नाही. माणसाला दिसतं की नाही हे दुसऱ्यानं आत डोकावून सांगायचं, म्हणजे कमालच झाली!

अकोल्याला परतल्यापासून बाईंनी नवऱ्यावर पाळतच ठेवली. विचारलं की म्हणायचे, "दिसते." पण चष्मा पेटीतच. नत्थुजी कापसाचे दलाल, आणि त्या वर्षांत कापसाला सोन्याचा भाव. रुईचा पुंजका चिमटीत ओढून ते धागा जोखत, रुमालाखाली गिऱ्हाइकाची बोटं दाबून सौदा ठरवत. या दोन्ही कामांना डोळे लागतातच कुठे? बाईंचा संशय दिवसेंदिवस वाढत गेला.

अशातच नत्थुजी तिवस्याला जाऊन लेकीसाठी, जमुनासाठी, मुलगा पाहून आले. बायकांनी मुलगा पाहायला जायची रीत नव्हती. लेकीचा सगळा जन्म या एका माणसाच्या नजरेवर, आणि त्या नजरेचाच भरवसा नाही!

"कसा हाये पोट्टा?"

"चांगला. हात हाती घेऊन पाह्यला. कामाचा हात हाये."

"आन् तोंड?"

"तोंडाले काय होते? माणसासारखं हाये."

हे काय उत्तर झालं? साक्षगंधाच्या, म्हणजे साखरपुड्याच्या, आदल्या दिवशी बाईंनी आपलं हिरवं लुगडं जमुनाला नेसवलं, "तोंडातून शब्द काढू नको," म्हणून बजावलं आणि बापाला वाढायला तिलाच पाठवलं. स्वतः दाराआड उभ्या राहिल्या.

जमुनानं ताटात भाकर वाढली. नत्थुजी तिच्याकडे पाहून हसले.

"जमुनाची माय, पोरीनं नशीब काढलं बरं. तिले सांग, बापानं पारखून देलं तुले."

बाई तरातरा बाहेर आल्या. हातात चष्मा.

"ती जमुना हाये! लावा हा डोयावर!"

नत्थुजींनी घास ताटात ठेवला. "चष्मा लावला तं बजारात म्हनतीन, नत्थुजीची नजर गेली. मंग माल कोन दाखवन मले?" ते पुटपुटले. पण बाईंचा अवतार पाहून त्यांनी मुकाट्यानं चष्मा चढवला आणि लेकीकडे पाहिलं.

"ही रडून राहिली कावून?"

बाईंनीही मग पाहिलं. पोरीचे डोळे सुजून लाल झाले होते, आणि ही सूज एका दिवसाची नव्हती. नवऱ्याचे डोळे तपासता तपासता लेकीच्या डोळ्यांकडे बघायचं त्यांचं राहूनच गेलं होतं.

"पानी भरताना बाया बोलतात," जमुना म्हणाली. "त्याची पह्यली बायको मेली. केसं पिकले त्याचे, समोरचे दात पडले."

नत्थुजींनी ताट सारलं. "आताच मानूस धाडतो तिवस्याले. साक्षगंध होत नाही." मग ते लेकीकडे वळले. "पन पोरी, तू मले सांगतलं कावून नाही?"

"तुमी पाहून आलते ना, बाबा. मले वाटलं, पाहूनच देलं."