बोर्डासमोर घातलेला कोट

मी एक कोट आहे, थंडीसाठी नाही, मानासाठी शिवलेला. निळा, पितळी बटणांचा, खिशावर पलटणीचं चिन्ह. हवालदार हौसेराव निवृत्त झाले तेव्हा छावणीतल्या शिंप्यानं मला त्यांच्या मापानं शिवलं. लग्नांत लोक माझ्या बटणांना हात लावून बघायचे. हौसेरावांची तब्येत कुणी विचारली नाही.

सरहद्दीवर त्यांच्या शेजारचा जवान सुरुंगावर पाय पडून गेला होता. ते मला नंतर कळलं.

घणसोली गावात देवजींच्या चाळीत आम्ही भाड्यानं राहतो. हौसेराव एपीएमसी मार्केटात वॉचमन होते. एकदा तिथे ट्रकचं टायर फुटलं आणि ते गाडीखाली शिरले. "लेट जाओ! सब लेट जाओ!" म्हणून ओरडत राहिले. हमाल हसले. नोकरी गेली.

"काय झालाय याला? हात हाय, पाय हाय," देवजी म्हणाले. "नुसती नाटका!"

डॉक्टर म्हणाले, हा लढाईच्या धक्क्याचा आजार आहे. मग फौजेच्या मेडिकल बोर्डाचं बोलावणं आलं. आजार किती टक्के ते बोर्ड ठरवणार. वीसच्या खाली आला तर अपंगत्वाची पेन्शन नाही.

"सगळं सांगायचं हां," त्यांच्या बायकोनं, सुचिताबाईंनी बजावलं. "लाजायचं नाय."

पण फौजी माणूस साहेबापुढे गबाळा कसा जाणार? त्यांनी दाढी घोटली, मला इस्त्री करून अंगात घातलं.

"नींद आती है, हवलदार?" बोर्डाच्या साहेबांनी विचारलं.

"जी साब! फर्स्ट क्लास!"

"डर लगता है?"

"नहीं साब!"

माझं अस्तर घामानं पाठीला चिकटलं होतं. छाती अशी धडधडत होती की वरचं बटण हलत होतं. साहेबांनी कौतुकानं माझ्याकडे पाहिलं आणि वीसच्या खालचा आकडा लिहिला.

"अहो, का नाही सांगितलंत?" बाहेर सुचिताबाईंनी विचारलं.

"साहेबासमोर रडू? पलटणीची इज्जत काय राहील?"

"आणि लेक तुम्हाला बघून दाराआड लपते, तिचं काय?"



अपील केलं. आता पुन्हा बोर्ड आहे. "साहेबासमोर घालायला कोट काढून ठेव," ते काल म्हणाले. आज ते आंघोळीला गेले तेव्हा सुचिताबाईंनी मला बोहारणीच्या हातात दिलं. तिनं बदल्यात पातेलं पुढे केलं, बाईंनी तेही घेतलं नाही.

मी आता तिच्या गाठोड्यात आहे. तुम्हाला कुठे दिसलो तर खुशाल घ्या, फाडून फडकी करा. पण हौसेरावांना परत नेऊन देऊ नका. एकदा तरी त्यांना साध्या शर्टात, थरथरत, साहेबांसमोर उभं राहू दे.