हद्दीवरचा देव

बेळगाव शहर आपल्या तालुक्याच्या मधोमध पोळीतल्या पुरणासारखं बसलेलं. भोवतालच्या खेड्यांनी त्याला दूध, भाजी, जळण पुरवायचं आणि वर खडेबाजारातल्या शिव्या खायच्या. त्यामुळं शहापूरपलीकडच्या वाडीचे मारुतीराव पाटील शहराला हिंग लावून विचारत नसत. पण गोऱ्या साहेबानं शहराची हद्द वाढवायला काढली आणि हद्दीचा दगड रोवला गेला तो नेमका पाटलांच्या परसात, घराच्या मागं. वाडी राहिली तालुक्यात, पाटील गेले शहरात. शहरात राहणाऱ्याची पाटीलकी कोण ठेवणार? पाटलांची झोपच उडाली.

त्यांनी मोजणी कारकून उपेंद्ररावांना गाठलं. घरी कांद्यालाही न शिवणारे उपेंद्रराव पाटलांकडं रस्सा ओरपू लागले आणि दगड घरापुढं सरकवायचा हुकूम आणतो म्हणाले. तरी पाटलांना धीर निघेना.

"अगं, कुठल्याबी देवाला नवस बोल, पर त्यो दगड हालू दे!" ते बायकोला म्हणाले.

मनुबाईचे गुडघे दुखत होते. लांबच्या देवापेक्षा तिला परसातला दगडच बरा वाटला. तिनं त्यालाच शेंदूर फासला आणि त्यालाच साकडं घातलं, बाबा हाल. शेजारणी उदबत्त्या घेऊन आल्या. भावकू गड्याची हरवलेली म्हैस त्याच दिवशी सापडली आणि देव जागृत ठरला. पाटलांनीही नारळ फोडला.

आठवड्यानं उपेंद्रराव खरोखरच हुकूम घेऊन आले. भावकूनं पहार खाली ठेवून हात जोडले.

"आप्पा, ह्यानं माझी म्हस आणलीया. म्या न्हाय हात लावणार."

"मी पाटील हाय!" पाटील गरजले. एकही गडी हलला नाही. त्यांनी स्वतः पहार उचलली, दगडापर्यंत नेली आणि तिथंच खाली टेकवली. देवाला पहार लावायची त्यांची छाती नव्हती.

"देव न्हाय हालत तर घर हालवा की," मनुबाई म्हणाली. "त्येला कुठं शेंदूर लावलाय?"

घर आज्ज्यानं बांधलेलं. पाटलांना रडू आलं, ते त्यांनी लपवलंही नाही. मग वळले आणि पहिली पहार स्वतःच्या भिंतीत घातली.

नवं घर दगडापलीकडं, तालुक्यात उभं राहिलं. पाटीलकी वाचली. तुळस मात्र मनुबाईनं जुन्या अंगणातच ठेवली. रोज सकाळी तांब्या घेऊन ती शहरात जाऊन येई आणि पाटील दारात बसून विचारत, "काय म्हणतंय बेळगाव?"