गिरिराज नाव कुणी ठेवलं?

चष्म्याच्या दुकानात काचा घासणाऱ्या गिरिराजला आपल्या नावाचा भारी तोरा. डोंगरांचा राजा! एका गिऱ्हाइकाने नवी फ्रेम नाकावर चढवता चढवता तो तोरा उतरवला.

"गिरिराज? अहो, ही तर कोंबडीची जात. माझ्याकडे खुराडंभर आहेत!"

सगळं दुकान हसलं. तोही हसला. पण घरी येताच त्याने आईला विचारलं, "माझं नाव कुणी ठेवलं गं?"

"बाबांनी," आई म्हणाली आणि धुतलेलंच भांडं पुन्हा धुवायला लागली.

बाबा म्हणाले, "आईने."

झालं, डोक्यात किडा शिरला. लहानपणी शेजारी कोंबड्या पाळणारे अंडेकाका राहायचे. त्यांचा विषय निघाला की आई हटकून गप्प व्हायची. का? गिरिराज आरशात नाक निरखू लागला. बाबांचं बसकं, आपलं धारदार. जेवताना तो दोघांकडे चोरून पाहायचा.

शेवटी सुट्टीच्या दिवशी त्याने गावाबाहेरची अंडेकाकांची शेड गाठली.

"माझं नाव तुम्ही ठेवलंत?"

काका चपापले. "आई बोलली?"

"ती बोलत नाही म्हणूनच आलोय. तुमचं नि माझं नातं काय?"

दाणे पाखडणाऱ्या काकूंनी सूप खाली ठेवलं. "सांगून टाका हो. पोरगा भलतंच काहीतरी मनात घेऊन आलाय."

काका पुटपुटत राहिले, तेव्हा काकूच बोलल्या. "सातव्या महिन्यात झालास तू. मूठभर जीव. दवाखान्यातली ऊब द्यायची पेटी बंद पडलेली. मोठ्या दवाखान्याची गाडी काही येईना. तुझ्या बाबांनी तुला शर्टात गुंडाळून आमच्या पिल्लांच्या खोलीत आणलं. तिथे दिव्यांची ऊब होती. गाडी येईपर्यंत मी तुला छातीशी धरून बसले. भोवती सगळी गिरिराजची पिल्लं. पुढे तुझ्या आईबाबांनी मिळून तेच नाव ठेवलं."

"मग लपवलं कशाला?"

"तुझ्या आजीने शपथ घातली सगळ्यांना. म्हणाली, लोक पोराला कोंबडीचं पिल्लू म्हणून जन्मभर चिडवतील."

गिरिराजच्या कानाच्या पाळ्या तापल्या. काकूंच्या पाया पडताना त्याला मान वर करवेना.

घरी आई दारातच उभी होती. "कुठे होतास?"

"काकूंकडे. सगळं सांगितलं त्यांनी."

आई उंबऱ्यावर बसली. मग हळूच म्हणाली, "आणि तुला काय वाटलं होतं रे?"

"काही नाही."

आईने त्याचं धारदार नाक चिमटीत धरून पिळलं.