एका भगिनीसाठी प्रार्थना

आमच्या चर्चच्या मंडळीत चहाडीला सक्त मनाई आहे. प्रार्थनाविनंतीला नाही. त्यामुळे शिवणयंत्रं दुरुस्त करणारे आमचे मिस्त्री एका बुधवारी प्रार्थनासभेत उभे राहिले आणि मेहुणीचा नवरा घर सोडून गेल्याची बातमी त्यांनी भरल्या गळ्याने देवाला दिली. देवाला ती आधीच ठाऊक होती. सभेतल्या बाकीच्यांना नव्हती. रविवारी मेहुणीच्या पाठीवरून इतके हात फिरले की तिने पुढे उपासनेला यायचंच सोडलं.

बहिणीने ही गोष्ट मिस्त्रींच्या बायकोला एकटीला सांगितली होती, आणि तिने विश्वासाने नवऱ्याला. तरी सभेनंतर बायको भांडली नाही. जेवायला वाढत राहिली, मिस्त्री यंत्रं दुरुस्त करत त्याच खोलीत पलीकडच्या टेबलावर गिऱ्हाइकांचे पडदे शिवत राहिली. मिस्त्रींनी ठरवून टाकलं, प्रकरण मिटलं.

पुढे एक पाहुणे पाळक आले. प्रवचन संपवताना म्हणाले, "मस्तकं लववा, डोळे मिटा. कोणी इकडेतिकडे बघायचं नाही. घरच्याच माणसाला क्षमा करता येत नाही, असं कोणी आहे? नुसता हात वर करा."

मिस्त्री मंडळीचे वडील, म्हणजे कारभारी. कारभाऱ्याने थोडं लक्ष ठेवायला हवं, म्हणून त्यांनी एक डोळा किलकिला केला. शेजारी बायकोचा हात वर होता.

"तुमचा हात मी पाहिला, ताई," पाळक हळुवारपणे म्हणाले.

जेवताना मिस्त्री विचार करत राहिले. घरचं माणूस म्हणजे कोण? त्यांची आई असू शकेल. ती जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण उमेदवार म्हणून अजूनही भक्कम होती.

"आज बरेच हात वर झाले असतील, नाही?"

"मला काय माहीत? डोळे मिटले होते. तुमचे?"

"माझेही," म्हणत मिस्त्रींनी ताटात तोंड खुपसलं.

बुधवारपर्यंत त्यांनी एकाच यंत्राचा पट्टा दोनदा उलटा चढवला. मन हलकं करायची त्यांना एकच रीत माहीत होती. ते सभेत उभे राहिले.

"एका भगिनीसाठी प्रार्थना करा. नाव घेत नाही. घरातल्या माणसाला क्षमा करणं तिला जड जातंय."

नाव न घेऊन आपण केवढी सभ्यता दाखवली, असं त्यांना वाटतंय तोवर सगळ्या माना बायकोकडे वळल्या. पुढच्या रांगेतल्या काकू तर तिच्या पाठीवरून हात फिरवायला उठल्याही.

"राहू द्या, काकू," बायको म्हणाली, आणि पिशवी उचलून बाहेर पडली.

मिस्त्रींनी तिला जिन्यात गाठलं.

"म्हणजे तुम्ही बघत होतात."

"हो."

"वर माझ्याशी खोटं बोललात."

"हो. अगं, प्रभू आपल्याला..."

"प्रभूला मधे घालू नका. मी इथे उभी आहे, माझ्याशी बोला."

एरवी अर्धा तास न अडखळता प्रार्थना करणारा माणूस हा. आता जिन्याच्या पायऱ्या मोजू लागला.

"चुकलो," ते अखेर म्हणाले.

"कशात?"

"आजच्यात. आणि तुझ्या बहिणीचं... ते मी काळजीने नव्हतं गं सांगितलं. सगळे कान देऊन ऐकत होते. बरं वाटत होतं."

बायकोने कठडा धरला.

"हे तिला सांगा."

"तू चल ना."

"नाही. आपलं काय ते मग बघू."

मेहुणीने दार अर्धंच उघडलं. "भाऊजी? कोणी पाठवलं?"

आपणहून आलो, हे उत्तर तोंडाशी तयार होतं. मिस्त्रींनी ते गिळलं.

"तुझ्या ताईने."

"म्हणजे तिच्यासाठी आलात."

"निघालो तेव्हा, हो," मिस्त्री पायपुसण्याकडे बघत म्हणाले, आणि जिन्यात सांगितलेलं सगळं त्यांनी पुन्हा सांगितलं. बरं वाटत होतं, तेही.

मेहुणीने ऐकून घेतलं. आत या म्हणाली नाही. दार मात्र लावलं नाही.